ब्रेस्ट रिडक्शननंतर पुन्हा शस्त्रक्रिया: लिफ्ट, इम्प्लांट की काहीच नको?

स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्रेस्ट रिडक्शन, करून घेतलेल्या बहुतेक स्त्रियांना तिचा फायदा होतो. मान, पाठ आणि खांद्यांचे दुखणे कमी होते, ब्रेसियरच्या पट्ट्यांचे खांद्यांवर रुतलेले वळ बुजतात, उन्हाळ्यात स्तनांखाली उठणारे पुरळ आणि बुरशीचा त्रास थांबतो. तरीही काही वर्षांनी त्यांतल्या काही जणी पुन्हा प्लास्टिक सर्जनकडे येतात, आणि या वेळी तक्रार उलट असते. स्तन वरच्या भागात रिकामे दिसतात, खाली ओघळले आहेत, दोन्हींत फरक पडला आहे, किंवा पहिल्या वेळी हवा होता त्यापेक्षा जास्त भाग काढला गेला. अशी तक्रार घेऊन येण्यात लाजण्यासारखे काही नाही. आधी लहान करून घेतले आणि आता मोठे हवे, असे म्हणून तिला हसण्यावारी नेणाऱ्यांना शरीर कसे बदलते याची कल्पना नसते.

रिडक्शनमध्ये ग्रंथी, चरबी आणि जादा त्वचा काढली जाते. उरलेल्या त्वचेचा ताण आणि स्तनाचे वय मात्र थांबवता येत नाही. विशीच्या आत किंवा विशीत शस्त्रक्रिया झालेली असेल, तर त्यानंतर एक-दोन बाळंतपणे, अंगावर पाजणे, वजनातले चढउतार आणि शेवटी रजोनिवृत्ती हे सगळे त्याच स्तनावरून जाते. बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास ग्रंथी आक्रसतात. वजन दहा-पंधरा किलोंनी उतरले तर स्तनातली चरबीही उतरते आणि त्वचेची पिशवी सैल राहते. काही वेळा कारण पहिल्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीतच असते. स्तनाग्राखालचा भाग हळूहळू ताणला जाऊन मांसल भाग खाली साचतो. स्तनाग्र आहे त्याच जागी राहते, पण खालचा फुगवटा लांबल्यामुळे ते वर सरकल्यासारखे, आकाशाकडे पाहणारे दिसते. इंग्रजीत सर्जन याला ‘बॉटमिंग आउट’ म्हणतात. हा प्रकार नेहमीच्या ओघळण्यापेक्षा वेगळा असतो आणि त्याचा उपायही वेगळा असतो.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: कमी काय पडले आहे, भराव की जागा? दोन्ही गोष्टी आरशात सारख्याच दिसू शकतात. एक साधी पडताळणी घरी करता येते. चांगल्या मापाची, पॅड नसलेली ब्रेसियर घालून आकार समाधानकारक वाटत असेल, तर ऊतक पुरेसे आहे, फक्त ते खाली उतरले आहे. अशा वेळी विचार लिफ्टचा, म्हणजे स्तन वर उचलून घेण्याच्या शस्त्रक्रियेचा व्हावा. ब्रेसियरने उचलल्यावरही वरचा भाग रिकामाच राहत असेल, कपड्याला आधार मिळत नसेल, तर भरावाची उणीव आहे. पुष्कळ जणींत दोन्ही थोडे थोडे असते. सर्जन हीच गोष्ट मोजमापाने ठरवतात. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर, स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर, आणि स्तनाग्र त्या घडीच्या वर आहे, रेषेत आहे की खाली, हे टेपने मोजून नोंदवले जाते. ओघळण्याच्या पायऱ्या ठरवण्यासाठी रेन्यो यांनी 1976 मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. स्तनाग्र घडीच्या रेषेत म्हणजे पहिली पायरी, त्याखाली उतरले की दुसरी, आणि स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकाला येऊन जमिनीकडे वळले की तिसरी. स्तनाग्र घडीच्या वर आणि फक्त मांसल भाग खाली, ही चौथी अवस्था खोट्या ओघळण्याची मानली जाते. रिडक्शननंतर हीच बऱ्याचदा दिसते.

इम्प्लांट घातले की स्तन आपोआप वर येतो, हा समज इथे सर्वाधिक नुकसान करतो. इम्प्लांट भरते, उचलत नाही. अगदी किंचित ओघळ असेल तर भरावामुळे तो झाकला जातो. त्याहून जास्त असेल तर स्तनाचे ऊतक इम्प्लांटवरून खाली घसरून दुहेरी फुगवटा दिसू लागतो. शिवाय आधीच ताणलेल्या त्वचेवर नवे वजन येते. तीनशे सीसीच्या सिलिकॉन इम्प्लांटचे वजन जवळपास तीनशे ग्रॅम असते, म्हणजे दोन्ही मिळून साधारण सहाशे ग्रॅम. ज्या स्त्रीने पाठदुखीसाठी स्तन हलके करून घेतले, तिने हा आकडा निर्णयाआधी डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

या शस्त्रक्रियेची खरी अवघड बाजू आकाराची नाही, रक्तपुरवठ्याची आहे. रिडक्शन करताना स्तनाग्र आणि त्याभोवतीचे गडद वर्तुळ, म्हणजे एरिओला, वर हलवायचे असते. ते जिवंत राहावे म्हणून त्याला जोडलेला ऊतकाचा एक पट्टा न कापता राखला जातो. त्याला पेडिकल म्हणतात, आणि रक्तवाहिन्या व मज्जातंतू त्यातूनच स्तनाग्रापर्यंत पोचतात. हा पट्टा खालून येऊ शकतो, वरून येऊ शकतो, किंवा वरच्या आतल्या बाजूने, छातीच्या मध्यहाडाकडून येऊ शकतो. त्वचेवर मात्र खूण वेगळीच राहते. रॉबर्ट वाइज यांनी 1956 मध्ये मांडलेल्या नमुन्यावरची शस्त्रक्रिया जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण ठेवते: एरिओलाभोवती एक, तिथून खाली उभा एक आणि घडीत आडवा एक. व्हर्टिकल पद्धतीत बहुधा फक्त वर्तुळाकार आणि उभा व्रण असतो. व्रण पाहून त्वचा कुठे कापली हे कळते, पण आत पेडिकल कोणत्या बाजूचे होते हे कळत नाही. तोच नांगरासारखा व्रण खालच्या पेडिकलवरही असतो आणि आतल्या बाजूच्या पेडिकलवरही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत सर्जनने नेमका तोच जुना पट्टा कापला, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटू शकतो. परिणाम एरिओलाचा काही भाग काळा पडून गळण्यापासून स्तनाग्र पूर्ण जाण्यापर्यंत होतात. वर्षे उलटली तरी जुन्या व्रणातून नव्या रक्तवाहिन्या पुरेशा वाढल्याच असतील असे गृहीत धरता येत नाही. फार मोठे स्तन असलेल्या काही जणींत पहिल्या वेळी स्तनाग्र पूर्ण वेगळे करून कलमासारखे पुन्हा बसवलेले असते. त्यांच्या बाबतीत नियोजन आणखी वेगळे होते, कारण तिथे स्तनाग्राला आतला पट्टाच नसतो आणि ते भोवतालच्या व खालच्या थरावर जगलेले असते.

त्यामुळे जुने कागद हाती असणे ही या सगळ्या विचारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यावर फक्त ‘बायलॅटरल रिडक्शन मॅमोप्लास्टी’ एवढेच लिहिलेले असते. हवी ती ऑपरेशन नोट, ज्यात पेडिकलची दिशा, प्रत्येक बाजूने काढलेले वजन आणि ऊतक किती खोलवर सोडवले ते नोंदलेले असते. त्याबरोबर काढलेल्या ऊतकाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेआधीची छायाचित्रे मिळाली तर उत्तम. भारतात 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. अर्थ सरळ आहे: तीन वर्षांनंतर कागद मिळेलच याची हमी नाही. ज्या स्त्रीचे रिडक्शन नुकतेच झाले आहे, तिने दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार मनात नसतानाही ऑपरेशन नोटची प्रत आजच मागून घ्यावी. मोठी रुग्णालये नोंदी जास्त काळ ठेवतात, म्हणून जुन्या शस्त्रक्रियेसाठीही मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून पाहावा. मूळ सर्जन निवृत्त झाले असतील, तर त्यांच्या सहकाऱ्यांकडे चौकशी करता येते.

कागद मिळालेच नाहीत तर शस्त्रक्रिया अशक्य होत नाही, मात्र तिची व्याप्ती कमी करावी लागते. चांगला सर्जन अशा वेळी स्तनाग्र फारसे हलवत नाही, त्वचा आणि ऊतक यांची फारशी सोडवणूक करत नाही, आणि फक्त खालची जादा त्वचा काढून किंवा चरबी शोषून आकार सुधारतो. मोठा बदल करून देतो असे कागद न पाहताच सांगणाऱ्याकडून उठून यावे.

घाईही इथे घातक ठरते. रिडक्शननंतर सूज उतरून आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि व्रण मऊ व फिकट व्हायला बारा ते अठरा महिने. तिसऱ्या महिन्यात दिसणारी असमानता पुष्कळदा बाराव्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेनंतर किमान सहा महिने, आणि शक्य असेल तर वर्षभर तरी थांबावे. बाळ अंगावर पीत असेल, तर पाजणे पूर्ण थांबल्यावर तीन ते सहा महिने जाऊ द्यावेत. वजन उतरवण्याचा बेत असेल, तर आधी ते उतरवून निदान सहा महिने स्थिर ठेवावे. आणखी मूल हवे असेल, तर शस्त्रक्रिया नंतरच केलेली बरी, कारण गर्भारपणात आकार पुन्हा बदलेल. पहिल्या रिडक्शनने दूध येण्याची क्षमता आधीच कमी झालेली असू शकते, आणि दुसऱ्या वेळी आणखी दुग्धनलिका तुटण्याची शक्यता असते.

उपायांपैकी सर्वांत साधा म्हणजे केवळ लिफ्ट. जुन्या व्रणांच्याच रेषांवरून जादा त्वचा काढली जाते आणि स्तनाग्रापासून घडीपर्यंतचे अंतर आखडले जाते. स्तनाग्र योग्य जागी असून फक्त खालचा भाग लांबला असेल, तर घडीलगतची त्वचा अर्धचंद्रासारखी काढणे पुरेसे होते. जुने पेडिकल खालचे असेल, तर हे काम त्वचेपुरतेच उथळ ठेवावे लागते. स्तनाग्र खरोखरच फार वर गेलेले असेल, तर मात्र समस्या कठीण आहे. ते खाली आणायचे तर स्तनाच्या वरच्या भागावर, म्हणजे गळ्याच्या कपड्यातून दिसेल अशा जागी, नवा व्रण येतो. त्यामुळे बहुतेक सर्जन स्तनाग्राला हात न लावता खालचा फुगवटाच वर घेतात. पूर्ण समाधान मिळाले नाही तरी दिसण्यात बराच फरक पडतो.

वरच्या भागातला पोकळपणा भरायचा असेल, तर स्वतःची चरबी हा पर्याय रिडक्शन झालेल्या स्त्रीसाठी विशेष विचारात घेण्यासारखा आहे. पोट, कंबर किंवा मांडीतली चरबी बारीक नळीने काढून, गाळून, स्तनात थोडी थोडी पसरून सोडली जाते. बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही, नवा मोठा छेद लागत नाही, आणि पेडिकलला धोका कमी असतो. मर्यादाही आहेत. घातलेल्या चरबीपैकी साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश टिकते, उरलेली शरीर शोषून घेते. त्यामुळे एकदा करून भागतेच असे नाही, दोन-तीन बैठका लागू शकतात. एका कपाहून जास्त वाढीची अपेक्षा धरू नये. काही चरबी मरून तेलाचे लहान फुगे किंवा चुन्यासारखे कण तयार होतात. ते सहसा निरुपद्रवी असतात, पण गाठीसारखे हाताला लागतात आणि मॅमोग्राफीत दिसतात. बारीक अंगाच्या स्त्रीकडे काढण्याइतकी चरबी नसते, हेही आहेच.

इम्प्लांटची निवड झाली, तर आकारापेक्षा जागा आधी ठरवावी लागते. इम्प्लांट ग्रंथीच्या मागे किंवा छातीच्या स्नायूखाली बसवता येते. रिडक्शननंतर वरचे आवरण पातळ झालेले असते. वरच्या भागात बोटांच्या चिमटीत दोन सेंटीमीटरपेक्षा कमी जाडी येत असेल, तर स्नायूचे पांघरूण बहुधा आवश्यक मानले जाते, नाहीतर इम्प्लांटची कड आणि सुरकुत्या दिसतात. जुने पेडिकल खालचे असेल, तर ग्रंथीमागे जागा करताना त्याच्या पायथ्याशी येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटू शकतात. तिथेही स्नायूखालची जागा तुलनेने सुरक्षित पडते. मापाबाबत लहानाकडेच झुकावे. व्रणाने घट्ट झालेली आणि खाली सैल असलेली पिशवी मोठे इम्प्लांट नीट पेलू शकत नाही, ते पुन्हा खाली सरकते.

लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करणे हा प्लास्टिक सर्जरीतला आधीच नाजूक मेळ आहे. लिफ्ट त्वचा आवळते, इम्प्लांट तीच त्वचा ताणते. त्यात रक्तपुरवठा आधीच एकदा कापलेला असेल तर धोका वाढतो. म्हणून अनेक अनुभवी सर्जन काम दोन टप्प्यांत करतात: आधी लिफ्ट, मग काही महिन्यांनी गरज उरलीच तर भराव. दुसरी भूल आणि दुसरा खर्च नको म्हणून पुष्कळ जणी हा सल्ला नाकारतात. स्तनाग्र गमावण्याच्या धोक्यापुढे ही बचत अगदी क्षुल्लक आहे. शिवाय पहिल्या टप्प्यानंतर दुसऱ्याची गरजच वाटेनाशी झाली, असेही घडते.

इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. ते फुटू शकते, आणि सिलिकॉन जेलचे फुटणे बाहेरून कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करते. ते आवळत गेले की स्तन कडक, वाकडा आणि शेवटी दुखरा होतो. या आवळण्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात, आणि शेवटच्या दोन पायऱ्यांत बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी संबंधित एक विरळा लिम्फोमा आढळल्यानंतर जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली. हा आजार बहुधा अनेक वर्षांनी, एका स्तनाला अचानक आलेल्या सुजेने दिसतो, आणि लवकर कळला तर इम्प्लांट व भोवतालचे आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून कोणत्या कंपनीचे, कोणत्या पृष्ठभागाचे, किती सीसीचे इम्प्लांट वापरले, त्याचा लॉट आणि सिरियल नंबर काय, याचे स्टिकर लावलेले कार्ड रुग्णाकडे असलेच पाहिजे. आयात केलेल्या इम्प्लांटच्या वेष्टनावर भारतीय आयात परवान्याचा क्रमांक छापलेला असावा लागतो. तो शस्त्रक्रियेआधी पाहायला मागण्यात काहीच गैर नाही.

शस्त्रक्रियेआधी स्तनाची तपासणी हवी. चाळिशीपुढे मॅमोग्राफी, त्याआधी सोनोग्राफी. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा वा बीजाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगावे. जुन्या रिडक्शनचे व्रण आणि मेलेल्या चरबीचे कण मॅमोग्राफीत दिसतात, म्हणून रेडिओलॉजिस्टला शस्त्रक्रियेचे वर्ष आणि पद्धत कळवणे गरजेचे आहे. इम्प्लांट बसवल्यानंतर मॅमोग्राफी ते मागे ढकलून खास पद्धतीने घ्यावी लागते. तेव्हाही तंत्रज्ञाला आधी सांगायला विसरू नये.

तंबाखूबद्दल महाराष्ट्रात स्पष्ट बोलणे भाग आहे. सिगारेट ओढत नाही असे सांगणाऱ्या अनेक जणी रोज सकाळी मशेरी लावतात आणि ती तंबाखूत मोजतच नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते आणि नेमक्या त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळते, ज्यांच्यावर स्तनाग्र जगणार असते. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे सिगारेट, मशेरी, गुटखा, खैनी सगळे बंद हवे. ते जमत नसेल तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी, यात तडजोड नसावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी. अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि पूरक गोळ्या, सगळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि काय थांबवायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. पहिल्या वेळी व्रण जाड, उंच किंवा खाजरे झाले असतील तर तेही सांगावे. त्याच रेषांवर पुन्हा छेद घेतल्यावर तसेच होण्याची शक्यता असते, आणि सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन यांची तयारी आधी ठेवता येते.

सर्जनची पदवी पाहताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का ते तपासावे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी पडताळता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधी शस्त्रक्रिया झालेल्या स्तनांवर त्या सर्जनने किती वेळा काम केले आहे, आणि माझ्या बाबतीत तुम्ही कोणते पेडिकल राखणार, हा प्रश्न विचारावा. ठोस उत्तर मिळाले नाही तर दुसरे मत घ्यावे. खर्चाचा हिशेब करताना हे लक्षात असू द्यावे की भारतातल्या आरोग्य विमा पॉलिसींत केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोगानंतरची पुनर्रचना किंवा लेखी वैद्यकीय गरज असेल तेवढाच अपवाद. तशीच जीएसटीची आरोग्यसेवेला असलेली सूटही अशा शस्त्रक्रियेला लागू होत नाही. इम्प्लांट असेल तर पुढच्या तपासण्या आणि कधीतरी ते बदलण्याचा खर्चही आजच धरावा.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली होते. पहिल्या दोन दिवसांत एक स्तन अचानक फुगून घट्ट आणि खूप दुखरा झाला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. एरिओला निळसर-काळे पडू लागले, ताप आला, लाली पसरली किंवा टाक्यांतून पू आला, तर उद्याची ओपीडी न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. साधारण सहा आठवडे आधार देणारी ब्रेसियर, जड उचलणे बंद, हात खांद्याच्या वर नेताना काळजी. घरात पाण्याच्या बादल्या, गॅसचा सिलिंडर आणि लहान मूल उचलायला दुसरे कोणी हवे, ही सोय तारीख ठरवण्याआधी करावी. स्तनाग्राची संवेदना पहिल्या वेळी कमी झाली असेल, तर दुसऱ्या वेळी ती आणखी कमी होऊ शकते, आणि काही वेळा परत येत नाही.

शस्त्रक्रिया नको हाही एक पूर्ण निर्णय आहे. योग्य मापाची ब्रेसियर आणि तिच्यात बसणारे हलके पॅड यांनी कपड्यांतला आकार पुष्कळ सुधारतो, आणि काही जणींना तेवढे पुरते. नवरा, सासर किंवा मैत्रिणी यांच्या बोलण्यावरून कोणीही हा निर्णय घेऊ नये. ओघळलेले स्तन हा आजार नाही, आणि लिफ्ट किंवा इम्प्लांट वर्षभर पुढे ढकलल्याने काही बिघडत नाही. मात्र स्तनात नवी गाठ, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव, त्वचा ओढली जाणे किंवा काखेत गोळा दिसला, तर आकाराचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.